उजेडाच्या आधी आलेली वर्दी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

मोठा तारा मरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे फोनवर विचारलंस आणि मेसची वेळ झाली म्हणून पळालीस. म्हणून आता सविस्तर लिहितो.

सूर्याच्या पंचवीसपट वस्तुमानाचा तारा घे. नुसता हायड्रोजन जाळण्यात त्याची सत्तरेक लाख वर्षं जातात. पुढे मात्र दर खेपेला मुदत आखडत जाते. कार्बन काही शतकं पुरतो, ऑक्सिजन काही महिने आणि सिलिकॉन जेमतेम दिवसभर. त्यातून गाभ्यात लोखंड साठतं आणि गाडी अडते, कारण लोखंडाच्या मीलनातून (म्हणजे अणुगर्भ एकमेकांना जोडण्यातून) ऊर्जा मिळत नाही, उलट पदरची घालावी लागते. गाभ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट झालं (हीच ती चंद्रशेखर मर्यादा) की त्याला स्वतःचा भार पेलवत नाही. आकाराने पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्या आत कोसळतो. उरतो वीसेक किलोमीटरचा न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्वारगेट ते निगडी एवढाच. तारा फारच जड असेल तर कृष्णविवर.

गाभा कोसळल्यावर धक्क्याची लाट बाहेर निघते आणि ताऱ्याचे वरचे थर उडवून देते, हाच स्फोट म्हणजे सुपरनोव्हा. लोक भाळतात ते त्याच्या उजेडावर. मला विचारशील तर ती चिल्लर आहे. सुमारे ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो नावाचे, सहसा कशालाही न अडणारे सूक्ष्म कण घेऊन जातात, कोणाला न दिसता.

२३ फेब्रुवारी १९८७ ला हे प्रत्यक्ष घडल्याची वर्दी पृथ्वीवर पोचली. मोठ्या मॅगेलनी मेघातला (आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतला), सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं दूरचा एक निळा महाराक्षसी तारा फुटला होता. चिलीतल्या वेधशाळेत खगोलनिरीक्षक इयान शेल्टनने आकाशाच्या फोटोची काच धुतली, तिच्यावर नको तिथे ठिपका दिसला, तेव्हा तो बाहेर जाऊन नुसत्या डोळ्यांनी खात्री करून आला. (इतक्या दक्षिणेचा तारा पुण्यातून दिसणं जवळपास अशक्यच होतं.) पण त्या स्फोटाचा उजेड पोचण्याच्या दोन-तीन तास आधीच जपानमधल्या कामिओकाच्या खाणीतल्या पाण्याच्या टाकीत न्यूट्रिनो उमटून गेले होते. जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघ मिळून सापडले पंचवीसेक! न्यूट्रिनो गाभ्यातून जवळपास थेट सुटतात. धक्क्याच्या लाटेला मात्र पृष्ठभाग गाठायला काही तास लागतात. फरक तेवढाच.

आपण ताऱ्यांच्या लोखंडाचे बनलो, असं सगळे म्हणतात. पण कोसळलेल्या गाभ्यातलं लोखंड बाहेर येतच नाही, ते न्यूट्रॉन ताऱ्यात जातं. रक्तातलं लोखंड स्फोटांच्या इतर भागांतून आणि दुसऱ्या जातीच्या सुपरनोव्हांतून आलंय. श्वासातला ऑक्सिजन मात्र बहुतेक या जड ताऱ्यांचीच देणगी.

त्या १९८७ च्या ताऱ्याचं काय उरलं, हे धुळीमुळे कित्येक वर्षं कळेना. २०२४ मध्ये अवकाशातल्या वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तिथे न्यूट्रॉन तारा असल्याचा सबळ पुरावा मिळाला.

आता मृगातल्या काक्षी (बेटेलगूज) या तांबड्या ताऱ्यावर सगळ्यांचा डोळा आहे. तो उद्याच फुटेल असं मुळीच नाही, लाखभर वर्षंही काढेल. पण जगभरच्या न्यूट्रिनो शोधकांचं जाळं जोडून ठेवलंय. तो फुटला तर दुर्बिणवाल्यांना पहिला निरोप जमिनीखालून जाईल.

तुझे,
बाबा