रॅम विकण्याआधी विंडोज ३२ बिट आहे का ते तरी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून पुण्यात जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं हा विषय घरोघरी निघतोय, आणि शाळा, छोटी वाचनालयं, सोसायट्यांची ऑफिसं यांना तर दोनच सल्ले मिळतात, एकतर रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी, वाढवा नाहीतर भंगारात काढा. पण त्या मशीनवर विंडोज ३२ बिट आहे का ६४ बिट, म्हणजे ते मुळात किती मेमरी वापरू शकतं, हे कोणी विचारतच नाही. तेवढं एक न विचारल्यामुळे लोकांचे पैसे पाण्यात जाताना बघतोय म्हणून हे पत्र.

आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात हेच झालं. पुस्तकांची नोंद ठेवायचा कॉम्प्युटर फारच स्लो झाला म्हणून दुकानदाराने ४ जीबी होती त्यात अजून ४ जीबी टाकून दिली, बिल लावलं आणि मोकळा झाला. फरक काडीचा नाही. तिथल्या काकूंना वाटलं आपल्यालाच नीट वापरता येत नाही. प्रॉपर्टीज उघडून बघितलं तर तिथे स्वच्छ लिहिलेलं, बसवलेली मेमरी ८ जीबी, वापरता येणारी सव्वातीनच्या आसपास. म्हणजे नवीन टाकलेली सगळी ४ जीबी तर वाया गेलीच पण आधीच्या चारमधलीही पूर्ण वापरात नव्हती, आणि हे पैसे वाचनालयाला देणगीतून आलेले होते.

यामागचं कारण तसं सोपं आहे. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक नंबर लागतो, ३२ बिटमध्ये असे नंबर होतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे ४ जीबी, बास. त्यातले सगळे रॅमला मिळतात असंही नाही, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोस (मशीन चालू करणारा मूळ प्रोग्रॅम) यांनापण त्यातलेच नंबर द्यावे लागतात, म्हणून ४ जीबी टाकली तरी कोणाला ३.२५ दिसते कोणाला ३.५, आणि ग्राफिक्स कार्ड मोठं असेल तर अजून कमी. एक्सपी, विंडोज ७, विंडोज १०, घरच्या मशीनवरचं कुठलंही ३२ बिट विंडोज घ्या, तीच गोष्ट.

बरं, ही मर्यादा दरवेळी निव्वळ गणिताची असते असंही नाही, आणि मला याचाच जास्त राग येतो. १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरपासून पीएई नावाची सोय आली, तिच्यामुळे ३२ बिट मशीनलासुद्धा ६४ जीबीपर्यंत मेमरी घेता येते. लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या सिस्टिमने ती वापरली, मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या महागड्या सर्व्हर विंडोजमध्ये वापरली, पण घरच्या विंडोजमध्ये ४ जीबीवरच कुंपण ठेवलं, कारण बऱ्याच कंपन्यांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड, प्रिंटर वगैरे चालवणारे प्रोग्रॅम, त्याच्या वरचे नंबर आले की मशीन बंद पाडायचे. ते कारण एकवेळ समजू शकतो. पण छोट्या नेटबुकवर यायचं ते विंडोज ७ स्टार्टर २ जीबीच्या पुढे घ्यायचंच नाही, आणि ६४ बिट विंडोज ७ मध्येसुद्धा होम बेसिकला ८, होम प्रीमियमला १६ आणि प्रोफेशनलला थेट १९२ जीबी. इथे मशीनचा काय संबंध, जास्त पैसे दिलेत तर जास्त मेमरी, एवढंच.

जुन्या लोकांना विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टिमची ६४० केबीची मर्यादा आठवत असेल, ८०८८ प्रोसेसरला दिसायचीच मुळात १ एमबी आणि त्यातला वरचा भाग स्क्रीन आणि बायोससाठी राखीव. आणि विंडोज ९८ ची तर कमाल होती, ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम टाकली की काही मशीन चालू होताना मेमरी अपुरी आहे असा एरर द्यायची! मेमरी जास्त झाली म्हणून अपुरी. सिस्टिम डॉट आयएनआय फाइलमध्ये व्हीकॅशची (विंडोज फाइलींसाठी राखून ठेवायचं त्या मेमरीची) मर्यादा हाताने खाली आणली की चालायचं, पण हे साध्या माणसाला कुठून कळणार, तो बिचारा अजून रॅम आणायला जायचा.

आता हे काम प्रत्यक्ष करणाऱ्यांसाठी. कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ६४ बिट आहेत, त्यामुळे बऱ्याच मशीनवर रॅम न घेता फक्त ६४ बिट सिस्टिम टाकली तरी आधीच असलेली मेमरी पूर्ण वापरात येऊ शकते. पण मदरबोर्ड किती घेतो ते आधी बघा, ९४५ चिपसेटचे (बोर्डावरची मुख्य चिप) बोर्ड ४ जीबीवरच थांबतात आणि जी४१ वाले ८ वर. ३२ वरून ६४ ला अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं, म्हणून आधी बॅकअप, आणि हे दुकानदाराने सांगायलाच हवं. जुन्या प्रिंटर स्कॅनरला ६४ बिटचा ड्रायव्हर मिळतो का तेही बघून घ्या. अजून एक, डॉसवरचे हिशोबाचे किंवा १६ बिट जुने प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत, काही ऑफिसं त्यांच्यासाठीच ३२ बिटवर थांबलीयेत आणि त्यांचं बरोबर आहे, फक्त त्यांना जास्तीची रॅम विकू नका.

माझं मागणं एवढंच आहे की तपकीर गल्लीपासून हडपसरपर्यंत जिथे कुठे रॅम विकली जाते तिथे बिलावर सिस्टिम किती बिटची आणि बोर्ड किती जीबी घेतो हे लिहून द्यायची पद्धत पडावी, आणि शाळांनी जुने कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी कोणा जाणकाराला एकदा दाखवावेत. आपण जूनमध्ये शाळा उघडण्याआधी एक छोटी चौकट छापलीत, कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे सिस्टिम टाइप आणि बसवलेली मेमरी बघा, एवढीच चार ओळींची, तर खरेदीला निघणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि ग्रंथपालांना ती कापून खिशात ठेवता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे