दादा, नेट गेलं तरी आईच्या खोलीतला दिवा लागतो

दादा,

नाव लिहू नकोस म्हणालास म्हणून लिहीत नाही, पण आभार सगळ्यांसमोरच मानणार.

माझ्या चार स्मार्ट प्लगांच्या कंपनीने सर्व्हर बंद केला आणि ॲप उघडेनाच, बटण दाबलं की चालू व्हायचे पण टायमर वगैरे सगळं गेलं, मी ते भंगारात द्यायला निघाले होते. तू एक उघडलास आणि म्हणालास अगं यात ईएसपी ८२६६ ही वायफायची चिप आहे, टास्मोटा टाकू, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालणारं सॉफ्टवेअर. त्याआधी प्लग भिंतीतल्या सॉकेटपासून लांब ठेवलास, करंटला लावून हे काम करायचं नाही, कधीच नाही, असं तीनदा बजावलंस. मग कॉम्प्युटरला जोडायच्या यूएसबी अडॅप्टरच्या ३.३ व्होल्टवर, चिपच्या जीपीआयओ ० या पिनला जोडलेली ती केसासारखी वायर दोन बोटांनी ग्राउंडला टेकवून धरलीस आणि मला म्हणालास, आता यूएसबी लाव. चारही प्लग आज चालू आहेत.

रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवर होम असिस्टंट, म्हणजे घरातले दिवे-सेन्सर घरातूनच चालवणारं सॉफ्टवेअर, मी टाकलं खरं, पण आईच्या खोलीतला मोशन सेन्सर सारखा गायब व्हायचा, आठ दिवसांत दोनदा सेल बदलले मी. तू फोनवर एकच विचारलंस, झिगबीचा डोंगल (सेन्सरशी बिनतारी बोलणारी ती यूएसबी कांडी) निळ्या पोर्टात आहे का? होता! निळा पोर्ट यूएसबी ३ चा, आणि यूएसबी ३ मुळे २.४ गिगाहर्ट्झवर गडबड होते आणि झिगबी नेमकं तिथंच चालतं, हे मला कोण सांगणार होतं. यूएसबी २ च्या काळ्या पोर्टात मीटरभर एक्स्टेंशन केबल लावून डोंगल लांब ठेवला, तेव्हापासून सेन्सर एकदाही गेला नाही.

आई रात्री किती वाजता उठते हे कुठल्या लांबच्या सर्व्हरला कशाला कळायला हवं, हे तुझं म्हणणं मला तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं, आता अगदी पटतं.

जुलैत पावसाने तीन दिवस नेट नव्हतं, लाईटही येऊन जाऊन. राउटर आणि रास्पबेरी पाय तू इन्व्हर्टरवर घ्यायला लावले होतेस. रात्री दोनला आई उठली, पाय जमिनीला लागला आणि पलंगाखालचा दिवा लागला. तिला यातलं काहीच माहीत नाही, ती आपली सरळ बाथरूमला जाऊन आली. मी मात्र अंधारात जागी होते आणि डोळे भरून आले रे.

खूप खूप आभार दादा. बॅकअपचा पेनड्राईव्ह कपाटात ठेवलाय, तू सांगितलंस तसाच. आई आता पडवीतपण एक दिवा लाव म्हणते, सेन्सर आणलाय, या वेळी तो जोडायचं, म्हणजे पेअर करायचं, काम मीच करणार, तू फक्त चहाला ये.