वैर बरोबरीच्यांचं होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘रोमिओ आणि ज्युलिएट’वरचा लेख आवडला. पण रोमिओचं माँटेग्यू आणि ज्युलिएटचं कॅप्युलेट या घराण्यांचं वैर त्यात ‘श्रीमंत-गरीब भेदातून आलेलं’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. ही आपल्या सिनेमांची सवय! व्हेरोनातली ही दोन्ही घराणी सारख्याच तोलामोलाची, हे शेक्सपिअर पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. भांडण जुनं आहे, एवढंच पुढे कळतं. कशावरून, ते पाचही अंकांत नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो तेव्हा पोरं हटकून विचारायची, “सर, पण झालं काय होतं?” राजा म्हणतो त्याप्रमाणे एका पोकळ शब्दापायी शहरात तीनदा दंगल झाली; यापलीकडे उत्तर नाही.

पहिला प्रवेश पुन्हा वाचावा. कॅप्युलेटांचा नोकर सॅम्सन समोरच्यांना डिवचायला अंगठा चावून दाखवतो. “आम्हाला बघून चावताय का?” असं विचारल्यावर हा बहाद्दर सोबत्याला हळूच विचारतो, हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूने आहे का? तो म्हणतो, नाही. मग सॅम्सन म्हणतो, तुम्हाला बघून नाही, पण अंगठा चावतोय खरा! अर्ध्या पानात तलवारी निघतात. म्हातारा कॅप्युलेट घरच्या झग्यातच धावत येऊन तलवार मागतो, तर बायको म्हणते, तलवार कसली, कुबडी मागा.

हाच कॅप्युलेट पुढच्याच प्रवेशात म्हणतो की आमच्या वयाच्या माणसांना शांतता राखणं अवघड नाही. रोमिओ त्याच्या घरच्या मेजवानीत घुसतो तेव्हा चवताळतो तो बायकोचा भाचा टिबॉल्ट; म्हातारा उलट त्यालाच झापतो, सगळं गाव या पोराला चांगला म्हणतं म्हणून सांगतो. थोरले थकलेत, पण उघडपणे थांबवायला कोणी तयार नाही. त्यात आधी जातो रोमिओचा मित्र मर्क्युशिओ, जो दोन्हींपैकी कुठल्याच घरचा नाही. मरताना तो दोन्ही घराण्यांना शाप देतो.

आणि शेवट? पोरांच्या प्रेतांपाशी दोघे बाप हात मिळवतात. माँटेग्यू म्हणतो, ज्युलिएटचा शुद्ध सोन्याचा पुतळा उभारीन. कॅप्युलेट लगेच म्हणतो, शेजारी रोमिओचाही उभारतो, तितकाच भारी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा