पोस्टकार्डाच्या पंचेचाळीस सेकंदांबद्दल आभार

युरोव्हिजनच्या रंगमंचावर सामान ढकलणाऱ्या, उचलणाऱ्या आणि पुसणाऱ्या समस्त मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातल्या एका शनिवारी, आपल्याकडच्या घड्याळात रात्रीचे साडेबारा वाजले की युरोव्हिजन या देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेची अंतिम फेरी सुरू होते. दोन गाण्यांच्या मध्ये पुढच्या गायकाची ओळख करून देणारी छोटी फिल्म लागते, तिला पोस्टकार्ड म्हणतात. प्रेक्षकांसाठी ती चहाचं आधण ठेवायची वेळ. तुमच्या हातात मात्र तेवढीच चाळीस-पंचेचाळीस सेकंदं असतात. त्यात आधीच्या देशाचं सामान बाहेर, पुढच्याचं आत, चाकांना ब्रेक, केबल जोडलेली, जमिनीवरची चमकी झाडलेली. नाटकात प्रवेश बदलताना अंधार जरा लांबला तर पार्श्वसंगीत वाढवून निभावतं. इथे ती सोय नाही. व्हिएन्नाला २०१५ साली तर अंतिम फेरीत २७ गाणी होती.

हे मुळात जमतं याचं एक कारण असं की वाद्यं दिखाऊ असतात. १९९८ साली बर्मिंगहॅमला शेवटचा वाद्यवृंद बसला. त्यानंतर संगीत ध्वनिमुद्रित आणि मुख्य गायन तेवढं थेट. त्यामुळे ड्रमसेट माइकशिवाय नुसता ढकलत आणता येतो, पियानो सुरात आहे की नाही हे कुणी विचारत नाही. पण बाकी काहीच खोटं चालत नाही, आणि आमची आवडती गाणी नेमकी त्या ‘बाकी’वर उभी आहेत.

त्याच व्हिएन्नातलं मॉन्स झेल्मेरलोवचं ‘हीरोज’ घ्या. ३६५ गुणांनी स्वीडन जिंकलं. मागच्या पडद्यावर रेघांनी काढलेला छोटा पोरगा, आणि मॉन्स त्याच्याशी खेळतोय. चित्रफीत आधीच तयार, ती गायकासाठी थांबत नाही. म्हणजे पडदा, प्रोजेक्टर आणि गायकाचे पाय या तिन्ही गोष्टी ठरल्या जागी हव्यात. पडदा वीतभर सरकला तर बोट पोराच्या हाताऐवजी हवेत टेकणार आणि सगळी जादू तिथेच फुकट. त्यात इकडचा तिकडचा दिवा पडद्यावर सांडला तर चित्र फिकं पडतं, ते वेगळंच. जमिनीवर तुम्ही चिकटवलेल्या टेपच्या खुणांना त्या विजयातला वाटा कुणी दिला नाही, तो आम्ही देतो.

माल्मोला २०१३ साली अझरबैजानच्या फरीद मम्मादोवने ‘होल्ड मी’ काचेच्या पेटीवर उभं राहून सुरू केलं. आत दुसरा नर्तक, गायकाची हुबेहूब सावली. दुसरा क्रमांक, २३४ गुण. काच म्हणजे डोकेदुखी: ढकलताना ज्यांचे हात लागले त्यांचे ठसे क्लोजअपमध्ये दिसतात, त्यामुळे पेटी जागेवर नेऊन पुन्हा पुसणं आलं. आदल्याच वर्षी बाकूला रशियातल्या बुरानोवो गावच्या गाणाऱ्या आज्या चक्क भट्टी घेऊन आल्या होत्या. रंगमंचावर सहापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत, म्हणून सगळ्या आज्यांना जागा मिळाली नाही, पण भट्टीला मिळाली! गावातल्या चर्चसाठी पैसे उभे करायला निघालेल्या या बायका २५९ गुण घेऊन दुसऱ्या आल्या.

आमच्या मते सगळ्यात कठीण काम मात्र २०१९ चं. तेल अवीवला ऑस्ट्रेलियाची केट मिलर-हाइडके ‘झीरो ग्रॅव्हिटी’ गायली ती उंच, लवचिक खांबाच्या टोकावरून. शेजारी तशाच खांबांवर आणखी दोघी. खांब झुकला की वरच्या माणसाचं सगळं वजन खालच्या बैठकीच्या एका कडेवर येतं, म्हणून ती जड आणि रुंद लागते. जड बैठक म्हणजे ढकलायला जास्त हात, आणि थांबवायलाही. शिवाय खांबाच्या डोलण्याला स्वतःची लय असते. लांबी, कडकपणा आणि वरचं वजन यांवर ती ठरते, गाण्याच्या ठेक्याशी तिला देणंघेणं नाही. घाईत बसलेला एक धक्का ती व्यक्ती डोलत राहून फेडते, आणि त्यातच तिला ऑपेराच्या ढंगातला वरचा सूर लावायचा असतो. नववा क्रमांक आला. आमच्या यादीत तो पहिला आहे.

उलट किव्हला २०१७ साली पोर्तुगालच्या साल्व्हादोर सोब्रालने तुम्हाला काहीच काम दिलं नाही. प्रेक्षकांमधला छोटा मंच, एक माइक, ७५८ गुण. गाण्यांचा क्रम २०१३ पासून नुसत्या चिठ्ठ्या टाकून ठरत नाही, तो निर्माते ठरवतात, आणि तो ठरवताना सामानाचाही विचार होतो. दोन जड गाणी पाठोपाठ आली की काय होतं ते तुम्हीच जाणता. चाहते क्रमावरून भांडतात, त्यात राजकारण शोधतात. त्यांनी एकदा तुमच्या सामानाची यादी पाहावी.

यंत्रावर भिस्त ठेवली की काय होतं ते २०२२ साली तुरीनला दिसलं. फिरत्या कमानींचा भव्य सूर्य बांधला, आणि तालमींत तो हवा तसा फिरेचना. कित्येक देशांना ऐनवेळी मांडणी बदलावी लागली. त्यांच्या वाट्याला आताशा पहिली तालीम येते जेमतेम अर्ध्या तासाची, म्हणजे त्यात काय काय कोंबावं लागलं असेल याची कल्पना करा.

आभारांच्या जोडीला एक मागणीही आहे. पोस्टकार्ड चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात छोटी चौकट करून तुमचं काम थेट दाखवा. अंधारात नीट दिसणार नाही, चालेल. निदान भट्टी कुणी ढकलली ते तरी कळेल.

आपले,
मराठी बोलणारे काही युरोव्हिजनवेडे