कॅम्पातल्या ट्रंकवाल्या पेंटरकाकांना, ट्रायपॉडवालीकडून

आदरणीय पेंटरकाका,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या नातवाच्या मोबाइलवर पोचेल आणि तो तुम्हाला वाचून दाखवेल, या हिशेबाने लिहितेय. त्याने मधली वाक्यं गाळू नयेत. विशेषतः चपलेचं.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "बास की आता" म्हणत ब्रश धुवायला उठता. म्हणून चारचौघांत लिहितेय. इथून उठून जाता येणार नाही.

तुम्हाला वाटतं, मी पहिल्यांदा दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिले तेव्हा आपली ओळख झाली. तसं नाही. त्याच्या आदल्या रात्री, खानापुरात आमच्या माळ्यावर, लॅपटॉपच्या पडद्यावर मी तुम्हाला पाहिलं होतं. त्या दिवशी बेळगावच्या कॅम्पातल्या बाजारात ट्रायपॉड लावून मी दर 30 सेकंदांना एक असे 40 फोटो काढले होते. 20 मिनिटं कॅमेरा जागचा हलवायचा नाही, फोकस आणि एक्स्पोजर सुरुवातीला ठरवायचं ते ठरवायचं. मग 40 फोटो एकावर एक लेयर करून रचायचे आणि कॉम्प्युटरला सांगायचं, प्रत्येक ठिपक्यासाठी या 40 जणांतला मधला घे. त्याला मीडियन म्हणतात. एखाद्या ठिकाणी स्कूटर दोन-तीन फोटोंतच आली असेल, तर उरलेल्या सदतीस-अडतीस फोटोंत तिथं रस्ताच आहे. म्हणून रस्ता राहतो, स्कूटर जाते. माणसंही तशीच जातात. गर्दीचा बाजार भर दुपारी ओसाड करायचा, एवढाच माझा पहिला प्रोजेक्ट होता. रिक्षा गेल्या, भाजीच्या पिशव्या गेल्या, शाळेची पोरं गेली. कडेला दुकानाच्या पायरीवर एक माणूस तेवढा राहिला. समोर काळी पत्र्याची ट्रंक, हात ट्रंकेवर, मान खाली.

आधी मला रागच आला. माझा रिकामा रस्ता बिघडला होता. खोडून टाकावं म्हणून झूम केलं, तर उजव्या हाताचा पंजा धूसर दिसला. बाकी तुम्ही दगडासारखे रेखीव, आणि पंजाच्या जागी धुकं. 40 फोटोंत फक्त तेवढंच हललं होतं.

आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो आहे, लुई दागेरने 1838 मध्ये काढलेला. तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटं लागत. रस्त्यावर रहदारी असणारच, पण चालणारं काही उमटलंच नाही. उमटला तो कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो तेवढा वेळ एका जागी उभा होता. परीक्षेत पाच मार्कांना हे मी दोनदा लिहिलंय. तरी कॅम्पात ते आपल्याच कॅमेऱ्यात घडलंय हे कळायला मला रात्रीचे साडेअकरा वाजले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आले. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "कोणाची ट्रंक? नंबर काय?" मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर जवळ, त्यामुळे ट्रंकेवर नाव-नंबर लिहून घ्यायला तुमच्यापाशी येणारा प्रत्येक जण जवान किंवा जवानाचा बाप, हे मला नंतर कळलं. मी म्हटलं, ट्रंक नाही, फोटो दाखवायचाय. तुम्ही फोटो हातभर लांब धरून बघितलात आणि म्हणालात, "बाकीची लोकं कुठं गेली ग?" मी समजावून सांगितलं. त्यावर तुम्ही, "म्हणजे काम करणारा तेवढा राहिला म्हण की." मी म्हटलं, नाही काका, बसून राहणारा. तेव्हा पहिल्यांदा हसलात.

आता दुसऱ्या प्रोजेक्टचं. लिऊ बोलिन नावाचा एक चिनी कलाकार आहे. 2005 मध्ये बीजिंगजवळची कलाकारांची वस्ती पाडली, त्यात त्याचा स्टुडिओही गेला. मग तो त्या पडक्या भिंतींपुढे उभा राहिला आणि मागं जे दिसतंय तेच मदतनिसांकडून स्वतःच्या अंगावर रंगवून घेतलं. फोटोत माणूस शोधावा लागतो. मला तसंच बेळगावात करायचं होतं. मी कॉलेजचा जुना पांढरा ॲप्रन आणून तुमच्यासमोर ठेवला आणि माझा पहिला प्रयत्नही दाखवला. खडेबाजारातल्या एका निळ्या शटरपुढे उभी राहिलेली मी, निळ्या ॲप्रनमध्ये. रंग इतका जुळला होता की दुकानदारसुद्धा चांगला आहे म्हणाला. आणि फोटोत मी इतकी ठळक दिसत होते की लग्नाच्या आल्बममध्येही दिसले नसते.

तुम्ही विचारलंत, "पोटाखाली काळं कशानं झालंय?" मी म्हटलं, सावली पडलीय. "मग ती रंगात धरली नाहीस की."

एवढंच. तीन वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. निदान असं सांगितलं नव्हतं. भिंत सपाट असते, माणूस गोल. रंग कितीही तोच लावला तरी वरून उजेड पडला की खांद्यावर तो उजळतो, हाताखाली आणि पोटाखाली काळवंडतो, आणि त्या गोलाईनेच माणूस ओळखू येतो. म्हणून खांद्यावर रंग एक छटा गडद घ्यायचा आणि हाताखाली फिकट, म्हणजे उजेडाने दोन्ही सारखे होतात. नंतर शोधलं तर ॲबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने 1896 मध्ये जनावरांबद्दल हेच मांडलेलं निघालं. हरणाची पाठ गडद आणि पोट पांढरं का, तर याचसाठी. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "मग बरोबर आहे त्याचं."

त्या दिवशी तिथं ट्रंकेला कडी बसवून घ्यायला आलेले निवृत्त हवालदार आठवतात? त्यांनी लगेच पायरीवरच क्लास घेतला. "चीज़ें क्यों नज़र आती हैं," असं हिंदीत सुरू करून बोटांवर मोजलं: आकार, छाया, चमक, हालचाल, आणखी दोन-तीन. चेहऱ्याला रंग फासताना कपाळ, नाक, गालफडं, हनुवटी ही उठलेली हाडं गडद करायची आणि डोळ्याखालचे खड्डे फिकट ठेवायचे. म्हणजे पुन्हा तुमचंच. पलटणीत एक, पाट्यांत एक, आणि आमच्या कॉलेजात मात्र दोन सेमिस्टर फोटोशॉप. (तिथल्या एका सरांनी मला सरळ विचारलं होतं, कापून चिकटवलं असतंस तर दहा मिनिटांत झालं नसतं का? झालं असतं.)

मग आषाढ-श्रावणातले ते पाच रविवार. ऊन असेल तर काम नाही, हा तुमचा नियम. ॲप्रन रंगवायला दोन-अडीच तास लागतात आणि तेवढ्यात उन्हाची सावली शटरवरून हातभर सरकते. म्हणून झड थांबून उघडीप झाली, पण ढग आहे, असा वेळ धरायचा. बेळगावच्या पावसाला एरवी सगळे शिव्या घालतात. आपण मात्र आभाळ भरलं की खूश.

तुम्ही कॅमेऱ्याच्या शेजारी, एक डोळा मिटून. मी भिंतीला चिकटून, पायाखाली खडूची खूण. निळीत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणायचा आणि टणकन सोडायचा, तसंच सूत तुम्ही माझ्यावर मारलंत. भिंतीवरची विटांची रेघ पुढं माझ्या दंडावर, छातीवर आणि दुसऱ्या दंडावरून पुन्हा भिंतीवर. अंगावर ती रेघ वेडीवाकडी जाते. छातीपाशी वर चढते, बगलेत खाली बुडते. पण कॅमेरा आहे तिथून एक डोळा मिटून बघितलं की सरळ. दोन पावलं डावीकडं झालं की सगळं मोडतं. मला हे नवीन होतं, तुम्हाला नव्हतं. उंचावरच्या पाटीत वरची ओळ जरा उंच काढायची, म्हणजे रस्त्यावरून मान वर करून बघणाऱ्याला दोन्ही ओळी सारख्या वाटतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. तुम्ही पाटी भिंतीसाठी नाही, बघणाऱ्याच्या जागेसाठी काढत होता.

शहापुरात आपली फजिती झाली तो रविवार मला सगळ्यात जास्त आवडतो. हातमागाच्या घरात भिंतीवर लावलेली साडी, तिच्यापुढे मी. तुम्ही म्हणालात, रंग कशाला वाया घालवायचा, तीच साडी गुंडाळ. गुंडाळली. आणि त्या पट्ट्या खांद्यावर वाकल्या, काठ कमरेपाशी तुटला, मी साडी नेसलेली पोरगी दिसायला लागले. मागच्या दाराशी बसलेल्या अज्जी "एन माडाकत्ती?" (काय करतेयस?) म्हणून खो-खो हसल्या. शेवटी ॲप्रनवर साडी रंगवली, काठ वाकडा, पट्ट्या फाकलेल्या, आणि ती भिंतीत विरघळली. खरी साडी पकडली गेली, खोटी लपली. यावर मी प्रोजेक्टच्या वहीत तीन पानं लिहिलीत, पण तुम्ही तिथं फक्त "हं" म्हणालात आणि चहा मागवलात.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटापाशी मी लाल-पांढऱ्या पट्ट्यांत कडेला उभी होते, ते विसरायचं ठरलंय. गेट पडलं की मी दिसेनाशी आणि गेट वर गेलं की भर रस्त्यात पट्टेरी बाहुलं. गेट कधी पडतंय याची आतुरतेने वाट बघणारी बेळगावात मी पहिलीच असेन.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. त्या तीन लिपींच्या पाटीपुढचा फोटो काढायचा होता तेव्हा मी घाबरले होते. आपल्या गावात पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरून काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मी त्या पाटीपुढे रंगाचे डबे मांडून बसणार. तुम्ही मात्र फक्त अक्षरांकडे बघत होता. मराठीला डोक्यावर एक दांडी, एक सूत मारलं की काम झालं. कन्नडला दांडी नाही, प्रत्येक अक्षराचा तुरा वेगळा आणि पोट गोल, म्हणून वर एक आणि खाली एक अशी दोन सुतं. इंग्रजीला कोन सांभाळावा लागतो. तुम्हाला कन्नड वाचायला वेळ लागतो, हे तुम्हीच सांगितलं होतं. पण माझ्या डाव्या खांद्यावर तुम्ही काढलेला तो गोल 'ळ' बघून शेजारचा मेडिकलवाला विचारत आला, की शाळा कन्नडमधून झाली का म्हणून. तेव्हा तुम्ही 2014 ची गोष्ट सांगितलीत. 1 नोव्हेंबरला गावाचं इंग्रजी नाव सरकारी कागदावर बदललं आणि पुढचे काही महिने तुम्ही नुसतं जुनं स्पेलिंग पुसून नवं लिहीत होता. फ्लेक्सवाल्यांनी काम खाल्ल्यानंतर तेवढी एक सुगी आली, म्हणालात. मग पुन्हा ट्रंका.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. रंगाचेसुद्धा नाहीत. मी एनॅमल आणलं होतं ते कोपरात तडकून पापुद्रे पडले, तेव्हा "कापडाला हे लावतंय होय कोणी" म्हणत तुम्ही घरातून पोस्टर कलर आणि फेविकॉल कालवून आणलंत. तो डबा अजून माझ्याकडे आहे. परत मागू नका.

प्रदर्शन कॉलेजच्या व्हरांड्यात झालं. 11 प्रिंट लागले. तुमचा तो पहिला, रिकाम्या बाजाराचा, दाराशी. आणि शेवटचा तुमचाच. शेवटच्या रविवारी मी हट्टाने तुम्हाला ॲप्रन घालायला लावला होता, ट्रंकांच्या रांगेपुढे. रंगवलं मी, एक डोळा मिटून तुम्हाला ओरडत. अंगभर काळा रंग, कड्यांचे दोन गोल पोटावर, आणि मागच्या ट्रंकेवरच्या नंबराचे मधले दोन आकडे तुमच्या छातीवर. माझे आकडे तुमच्यासारखे झाले नाहीत, सात जरा लुळा पडला. तरी व्हरांड्यात लोक त्या प्रिंटपुढे थांबत, ट्रंका मोजत आणि पुढं जात. दाराशी एकटे दिसणारे तुम्ही, आणि इथं सापडतच नव्हता. दोन्हीकडं तुम्ही केलं एकच: जागचे हलला नाहीत.

तुम्हाला शोधून काढलं ते तुमच्या नातवानेच. आला, बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "हे काय, आजोबांची चप्पल!" पायांकडे आपण दोघांनीही बघितलं नव्हतं. ट्रंकांच्या खाली, फरशीवर, निळ्या पट्ट्याची स्लीपर, जशीच्या तशी. मी ती प्रिंटमधून काढलेली नाही.

प्रिंट गुंडाळून ठेवलाय, पुढच्या रविवारी घेऊन येते. सोबत एक ट्रंकही आणतेय. पुढच्या शिक्षणाला कोल्हापूरला निघालेय. तिच्यावर माझं नाव आणि गाव लिहायचं, पांढऱ्या एनॅमलमध्ये, दोन ओळींत, वरची ओळ जरा उंच. आणि याचे पैसे मात्र घ्यायचे. जवानाकडून घेता तेवढेच.

तुमची,
ट्रायपॉडवाली