दिवाडीच्या टेम्पोला ठरलेली खेप द्या

माननीय नदी परिवहन मंत्री,
गोवा राज्य

सा. न. वि. वि.

मी टेम्पोवाला. घरसामान हलवायची भाडी मारतो आणि मधल्या दिवसांत फर्निचरची डिलिव्हरी करतो. पणजी-फोंड्याचे भाडे असले की मजला कितवा आणि लिफ्ट आहे का, एवढे विचारले की काम ठरते. दिवाडी हे मांडवी नदीतले बेट, जायला फक्त फेरीबोट. तिथले भाडे आले की मी आधी तिथी बघतो.

हसू नका साहेब. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. पौर्णिमेच्या पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारच्या आधी आणि त्यानंतर सहाएक तासांनी, संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास, ओहोटी. तीही मोठ्या उधाणाची, म्हणजे पाणी चांगलेच खाली. अमावास्येलाही तेच. त्याच वेळी पणजीत नोकरी करणारी माणसे घरी परतत असतात आणि धक्क्यावर दुचाकींची रांग लागलेली असते. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास, ओहोटी भर दुपारी. पण ती भांगाची, फार खाली न जाणारी. म्हणून सामान हलवायला मी शक्यतो अष्टमी-नवमी सांगतो. गिऱ्हाइकाला वाटते, मी मुहूर्त काढतोय.

पाणी उतरले की धक्क्याच्या उताराचा खालचा, एरवी बुडालेला भाग उघडा पडतो. त्यावर शेवाळ आणि गाळ. स्कूटर जाते, मोटारही जाते. भरलेल्या टेम्पोचे वजन सगळे मागे असते. चढाला लागला की पुढची चाके हलकी पडतात, मागची जागच्या जागी फिरतात आणि मागचा फाळका काँक्रीटला घासतो. आत कपाट उभे असेल तर दोरी ताणल्याचा आवाज केबिनमध्ये ऐकू येतो. हमाल लाकडाचा ठोकळा घेऊन चाकामागून चालतो, गाडी घसरली तर लावायला. तो ठोकळा त्याने स्वतःच्या घरून आणलेला असतो.

बेटावर जायला तीन वाटा आहेत: जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे. तिन्ही फेरीच्या. शेजारच्या चोडण बेटाला मये बाजूने तरी रस्ता आहे, दिवाडीला तोही नाही. पूल हवा की नको, यावर बेटावरच दोन मते आहेत. मी त्यात पडत नाही, मी राहतो नदीच्या अलीकडे. पण पूल होवो न होवो, फ्रिज आज न्यायचा आहे.

त्या फ्रिजचे होते काय, तेही सांगतो. ऑनलाइन मागवताना 'डिलिव्हरी उपलब्ध' दिसते. गाडी येते जुन्या गोव्याच्या धक्क्यापर्यंत आणि ड्रायव्हर फोन करतो, "इथून घेऊन जा." त्याचाही दोष म्हणवत नाही. मोठी गाडी कुठल्या खेपेत चढेल, लांबी किती चालेल, भरल्या वजनाची मर्यादा किती, हे त्याला कोण सांगणार? मग घरमालक माझ्यासारख्याला बोलावतो आणि दुसरे भाडे मोजतो. ज्या घरांत कमावणारी माणसे बाहेरगावी आणि मागे म्हातारीकोतारी, तिथे हा खर्च आणि ही धावपळ दोन्ही जड जातात.

माझी मागणी एकच. आठवड्यातून दोन दिवस, गर्दीची वेळ सोडून आणि भरती-ओहोटी बघून, जुने गोवे-दिवाडी मार्गावर एक खेप मालवाहू गाड्यांसाठी राखून ठेवा. आदल्या दिवशी फोनवर नंबर लावता यावा. त्या खेपेची वेळ आणि गाडीची चालणारी लांबी व वजन धक्क्यावर फळ्यावर मराठी-कोकणीत लिहा. वेळ कायमची एकच ठेवून चालणार नाही, कारण भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. महिन्याचे वेळापत्रक आधी लावले की पुरे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा हा बेटावरचा झेंड्यांचा उत्सव असतो, त्या दिवशी ही खेप ठेवू नका. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मात्र एखादी जादा द्या.

पैशांचे म्हणाल तर साध्या फेरीत दुचाकीला शुल्क लावायचा विषय 2023 मध्ये निघाला, तेव्हा लोक चिडले, आणि ते बरोबरच होते. रोज कामावर जाणाऱ्याची ती एसटी आहे. पण मी धंदा करतो. नक्की जागा मिळणार असेल तर राखीव खेपेचे पैसे भरायला माझी ना नाही. तासभर रांगेत गाडी उभी राहिली की हमालांची मजुरी त्याहून जास्त जाते. शिवाय सकाळच्या खेपेत टेम्पो दोन मोटारींची जागा अडवतो म्हणून मागचे लोक शिव्या घालतात, त्याही वाचतील.

2025 मध्ये चोडण-रायबंदर मार्गावर गंगोत्री आणि द्वारका या रो-रो, म्हणजे गाड्या थेट चढवता-उतरवता येणाऱ्या मोठ्या बोटी आल्या. तशी एखादी इकडेही मिळाली तर कोण नको म्हणेल! पण बोट यायला वर्षे लागतात, फळा रंगवायला दोन दिवस पुरतात.

जाता जाता एक. या बेटावरचे सर्वांत मोठे स्थलांतर देवाचे. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर सप्तकोटेश्वराला नदीपलीकडे डिचोलीच्या नार्व्यात न्यावे लागले आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ पुन्हा बांधायला लावले. ज्यांनी ते लिंग नदीपार नेले, त्यांनीही भरती-ओहोटी बघितलीच असणार.

वेळापत्रक करायला बसाल तेव्हा फेरीवरच्या जुन्या खलाशांना आणि आम्हा दोघा-तिघा टेम्पोवाल्यांना बोलवा. कुठल्या तिथीला कुठल्या धक्क्यावर गाडी अडते, ते आम्ही तोंडपाठ सांगू.

आपला,
दिवाडीला सामान पोचवणारा एक टेम्पोवाला