फायनलचे शेवटचे सेकंद आम्हाला दिसलेच नाहीत: तक्रार पत्र

दिनांक: १० जून २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: थेट सामना ऐन शेवटी बंद पडणे आणि ॲपमधून ‘लो’ क्वालिटी काढून टाकणे

महोदय,

मी मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरची संत्र्याची बाग आहे, आणि रोज संध्याकाळी गावातल्या पोरापोरींना बास्केटबॉल शिकवतो. पूर्वी एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे सामने सकाळी डिशवर दिसायचे. ते बंद झाले तेव्हापासून आम्हाला तुमच्या ॲपशिवाय मार्ग नाही. ऑक्टोबरमध्ये पूर्ण हंगामाचे पैसे एकरकमी भरले. पावती सोबत जोडली आहे.

शुक्रवारी ६ जूनला सकाळी ६ वाजता इंडियाना पेसर्स आणि ओक्लाहोमा सिटी थंडर यांच्यात फायनलचा पहिला सामना होता. मृग तोंडावर आलेला, ज्याच्या त्याच्या वावरात कामाची घाई. तरी अकरा पोरं साडेपाचलाच आमच्या छपरीत येऊन बसली. फोन टीव्हीला जोडून दिला. चौथ्या क्वार्टरमध्ये पेसर्स १५ गुणांनी मागे पडले होते, तिथून ते हळूहळू जवळ आले. स्कोअर ११०-१०९, थंडर एका गुणाने पुढे. थंडरच्या शाय गिल्जस-अलेक्झांडरचा शॉट हुकला, रिबाउंड, म्हणजे परत उसळलेला चेंडू, पेसर्सला मिळाला. त्यांच्या कोचनं टाइमआउट घेतला नाही, म्हणजे डाव आखायला खेळ थांबवला नाही. पेसर्सचा हॅलिबर्टन चेंडू घेऊन निघाला आणि चित्र थांबलं. मधोमध ते गोल चाक फिरत राहिलं.

छपरीत कोणी बोलेना. नववीतली एक पोरगी उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. तेवढ्यात त्या थांबलेल्या चित्रावरच वरून तुमच्या ॲपची पट्टी उतरली: पेसर्स १११, थंडर ११०.

४८ मिनिटांच्या सामन्यात पेसर्स तोवर एकदाही आघाडीवर नव्हते. त्यांना आघाडी मिळाली ती ०.३ सेकंद उरले असताना, हॅलिबर्टनच्या त्या एका शॉटवर. अडीच तास आम्ही ज्याच्यासाठी बसलो होतो ते तुमच्या पट्टीनं सांगून टाकलं, आणि दाखवलं मात्र नाही.

तुमच्या मदत केंद्राकडून दोनदा उत्तर आलं, दोन्ही वेळा तेच: इंटरनेटचा वेग तपासा, सामना नंतर रिप्लेमध्ये पाहता येईल. वेग मी तपासला आहे. त्याच मिनिटाला दुसऱ्या फोनवर, त्याच टावरवर, त्याच कंपनीच्या सिमवर यूट्यूब ३६० च्या हलक्या क्वालिटीवर न अडकता चालत होतं. लाईनही गेलेली नव्हती. दोन्ही फोनच्या पडद्यांचे फोटो सोबत पाठवत आहे.

बिघाड कुठे आहे ते आम्हाला कळतं. थेट सामना काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि प्रत्येक तुकडा जड किंवा हलका मागता येतो. तुमच्या ॲपमध्ये आधी ‘लो’ निवडता यायचं. चित्र जरा धुरकट दिसायचं, पण जानेवारीत आम्ही त्याच्यावर सामन्यामागून सामने पाहिले, एकदाही थांबले नाहीत. मार्चच्या अपडेटनंतर ‘ऑटो’ आणि ‘हाय’ एवढंच उरलं. ‘ऑटो’ जरा टावर मिळाला की जड तुकडा मागतं आणि टावर पडला की अडकतं. वर रोजचा दीड जीबी डेटा सामना संपायच्या आत संपतो तो वेगळाच. स्कोअरची पट्टी चार अक्षरांची, ती लगेच पोचते; चित्र मुळातच काही सेकंद मागे असतं. म्हणजे शेवटच्या मिनिटाला चित्र चालू असतं तरी पट्टीनं निकाल आधी फोडला असता. ती बंद करायचं बटण मला सेटिंगमध्ये सापडलं नाही. रिप्ले उघडावा तर त्याच्या नावातच निकाल लिहिलेला.

या पोरांना कोर्टवर शिकवायला मी एकटा आहे. टाइमआउट न घेता धावत जाऊन शॉट कसा काढायचा, हे मी फळ्यावर बाण काढून सांगतो. ते डोळ्यांनी पाहायची संधी त्यांना वर्षातून दोन-चारदाच मिळते. २०१५ मध्ये एनबीएच्या डॅलस मॅव्हरिक्स संघानं ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेतलेला सतनाम सिंग पंजाबातल्या खेड्यातलाच होता, हे आमच्या प्रत्येक पोराला पाठ आहे. शहरातला ग्राहक जेवढे पैसे देतो तेवढेच मी दिले आहेत. मग ॲप फक्त शहरातल्या वायफायच्या हिशोबानं का?

काल ९ तारखेचा दुसरा सामनाही तीनदा अडकला. थंडरनं तो १२३-१०७ असा जिंकला, शेवट चुरशीचा नव्हता, म्हणून तेवढं लागलं नाही.

माझी मागणी स्पष्ट आहे. ‘लो’चा पर्याय परत द्या. स्कोअरची पट्टी बंद करायची सोय द्या आणि रिप्लेच्या नावातून निकाल काढा. अपडेट आल्यापासूनच्या महिन्यांचे पैसे हिशोबानं परत करा. मोफत महिना नको, हंगाम संपत आला आहे.

नियमाप्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. तसं झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी राहतो त्या जिल्ह्यात दाद मागायचा हक्क मला त्या कायद्यानं दिला आहे.

तिसरा सामना परवा, गुरुवारी १२ जूनला सकाळी ६ वाजता आहे. पोरं साडेपाचला येणार आहेत. निदान तोवर ‘लो’ चालू करा.

आपला,
वार्षिक सदस्य
तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती

सोबत: पैसे भरल्याची पावती, दोन्ही फोनचे फोटो, मदत केंद्राची दोन उत्तरं